शब्द लागला म्हणून कायदा लागतो का?

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना ओघात एक वाक्य लिहून गेले होते. मनाला लागेल असं बोलणं हा गुन्हा असू नये, आणि माणसांना माणसांच्या जिवावर उठवणारं बोलणं ‘निव्वळ मत’ म्हणून सोडून देऊ नये, असं ते वाक्य होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या महिन्याचं सदर त्यांनाच द्यायचं ठरवलं. जागेसाठी पत्रं थोडक्यात दिली आहेत आणि नावं काढली आहेत.

नव्या वाचकांसाठी आधी एक खुलासा. मी वकील नाही. 31 वर्षं न्यायालयात दुभाषी आणि अनुवादक होते. ज्या भाषणांवरून खटले उभे राहिले त्यांच्या ध्वनिफिती पुन्हा पुन्हा ऐकायच्या, शब्द न् शब्द उतरवायचा, न्यायाधीशांना कळेल अशा भाषेत तो आणायचा आणि उलटतपासणीत ‘हा शब्द असाच का उतरवलात’ याचं उत्तर द्यायचं, हे माझं काम होतं. माझी मतं अशी ऐकून ऐकून झालेली आहेत. त्यातलं एक तर मधे पूर्ण बदललं, तेही पुढे सांगणार आहे.

प्रश्न : मी आयुष्यभर ज्या गोष्टीला पवित्र मानत आलो, तिची एका जाहीर कार्यक्रमात टवाळी झाली. रात्रभर झोप लागली नाही. घरात चोरी झाली तर कायदा धावून येतो. मनावर घाव झाला तर का येऊ नये? (एक निवृत्त शिक्षक)

सर, तुमचं दुःख खोटं आहे असं मी कधीच म्हणणार नाही. ‘एवढं काय मनावर घेता’ असं सांगणाऱ्यांनी साक्षीच्या पिंजऱ्यातली माणसं पाहिलेली नसतात.

एका खटल्यात माझ्याकडे चार पानांचं एक पत्रक भाषांतराला आलं होतं. एका जुन्या रूढीवर त्यात फार बोचरी टीका होती. फिर्यादी सत्तरीचे गृहस्थ होते. ‘हे वाचून तुम्हाला काय वाटलं?’ असं वकिलांनी विचारलं, तेव्हा त्यांना बोलताच येईना. चष्मा काढून ते पुसत राहिले. ते मौनही नोंदीत यायला हवं होतं असं मला आजही वाटतं. मग न्यायाधीशांनी माझ्यामार्फत त्यांना विचारलं, ‘तुम्हाला किंवा तुमच्या माणसांना काही करा, असं या पत्रकात कुणाला सांगितलंय का?’ त्यांनी पत्रक पुन्हा हातात घेतलं, वाचलं आणि म्हणाले, ‘नाही. तसं नाही.’ प्रामाणिक माणूस.

दुपारी पत्रक लिहिणारी बाई उभी राहिली. त्या रूढीपायी तिच्या आईचं आयुष्य कसं गेलं हे सांगताना तिचाही गळा दाटून आला. एकाच दिवशी, एकाच पिंजऱ्यात, दोन माणसं आणि दोघांचंही दुःख खरं. दुखावलं जाणं हेच गुन्ह्याचं माप धरलं असतं, तर कायद्यानं कुणाचं ऐकायचं होतं? तिच्या बाजूला ती एकटी होती आणि त्यांच्या बाजूला सगळी बाकं भरलेली होती. त्या मापानं बाकं भरलेली बाजूच नेहमी जिंकणार.

हा पेच दक्षिण आफ्रिकेनं फार समजून सोडवला असं माझं मत आहे. शब्दांनी माणसं कशी खाली ढकलली जातात हे त्या देशाला कुणी शिकवायची गरज नव्हती. वंशभेदाची राजवट गेल्यावर 2000 साली तिथे समानतेचा जो कायदा झाला, त्यात ‘दुखावणारं’ बोलणंही द्वेषमूलक भाषणात धरलं होतं. 2008 मध्ये जॉन क्वेलाने नावाच्या पत्रकारानं समलिंगी लोकांविरुद्ध एक जहरी लेख लिहिला. तो वाद चढत चढत संविधान न्यायालयात गेला. 2021 च्या निकालात न्यायालयानं दोन गोष्टी एकदम केल्या. ‘दुखावणारं’ हा शब्द फार मोघम आहे आणि भाषणस्वातंत्र्याच्या मुळावर येतो, म्हणून तो रद्द केला. आणि क्वेलाने यांचा लेख मात्र द्वेषमूलकच ठरवला, कारण आधीच मार खाणाऱ्या समूहाविरुद्ध द्वेष पसरवण्याचं आणि इजेला वाट करून देण्याचं काम तो करत होता. ही दिवाणी स्वरूपाची कारवाई होती, तुरुंगाची नव्हती, हेही लक्षात घ्या.

युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं 1976 मध्येच म्हणून ठेवलं आहे की, राज्याला किंवा समाजातल्या एखाद्या गटाला जे बोलणं दुखावतं, धक्का देतं किंवा अस्वस्थ करतं, त्यालाही स्वातंत्र्याचं संरक्षण आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ रद्द केलं, तेव्हाही रोख हाच होता. ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचं’, ‘अत्यंत अपमानकारक’ असे शब्द त्या कलमात होते आणि त्यांत काय बसेल, काय बसणार नाही हे कुणालाच सांगता येत नव्हतं. न्यायालयानं तीन पायऱ्या वेगळ्या केल्या : एखाद्या मताची चर्चा, त्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी त्यांना मोकळीक. बोलणं तिसऱ्या पायरीला पोचलं की मग कायदा.

तुमच्या कार्यक्रमात जे झालं ते तुमच्या पत्रावरून पहिल्या पायरीवरचं दिसतं. तुम्ही उठून निघून यायचं, विरोधात लिहायचं, आयोजकांना जाब विचारायचा. जे बोलले त्यांच्याइतकाच हक्क तुम्हालाही आहे. पोलीस ठाण्यात जाऊ नका, एवढंच माझं सांगणं.

प्रश्न : चिथावणीपर्यंत थांबायचं म्हणता, पण घर पेटल्यावर काडी कुणी लावली हे सिद्ध करून काय उपयोग? विष महिनोन् महिने मुरवलं जातं. शेवटचं वाक्य कुणीही बोलतो. (दोन मुलांची आई)

आलेल्या पत्रांतला हा सगळ्यांत अवघड प्रश्न आहे आणि माझं मत बदललं ते इथेच.

आधी जुना धडा. ‘धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात’ हे वाक्य वर्तमानपत्रात छापून आलं तर त्याला हात लावू नये, पण तेच वाक्य व्यापाऱ्याच्या घरासमोर जमलेल्या खवळलेल्या जमावाला सुनावलं तर शिक्षा योग्य, असं इंग्लंडचा तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलनं 1859 मध्ये लिहिलं. वाक्य तेच. जागा, वेळ आणि ऐकणारे बदलले की त्याची जात बदलते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1969 मध्ये ही रेघ आणखी पुढे नेली. ओहायोतल्या एका शेतावर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवाद्यांच्या संघटनेच्या पुढाऱ्यानं, ब्रँडेनबर्गनं, काळ्या आणि ज्यू लोकांविरुद्ध भाषण केलं होतं. न्यायालयानं त्याची शिक्षा रद्द केली. बोलणाऱ्याचा रोख ताबडतोब बेकायदा कृत्य घडवण्याचा असेल आणि ते घडण्याची खरीखुरी शक्यता असेल, तरच शिक्षा करता येईल, असं ठरलं.

बरीच वर्षं मलाही हेच पटायचं. मग माझ्या टेबलावर एक ध्वनिफीत आली.

वक्ता मृदू आवाजाचा. तासाभरात एकही शिवी नाही. पोलिसांनी उतरवलेला मजकूर नुसता वाचला असता तर शांततेचं आवाहन वाटलं असतं, कारण ‘आपण शांत माणसं आहोत’ हे वाक्य त्यात पाच वेळा होतं. मी ऐकायला बसले. पाचही वेळा त्या वाक्यानंतर तो थांबतो आणि लोक हसतात. शेवटच्या वेळी सात सेकंद हसतात, मी घड्याळ लावून मोजलं. मग एका गल्लीचं नाव घेऊन तो म्हणतो, ‘तिथे त्यांची अकरा घरं आहेत. मी फक्त मोजून सांगतोय.’ आणि पुन्हा हशा.

मी मजकुरात कंसात ‘हशा’ आणि सेकंद लिहिले. आरोपीच्या वकिलांनी हरकत घेतली, अनुवादकानं शब्दांपुरतं राहावं म्हणून. न्यायाधीशांनी फीतच न्यायालयात लावायला सांगितली. पाचव्या हशाला सगळ्या खोलीत चिडीचूप झालं. त्या अकरा घरांवर दगडसुद्धा पडला नव्हता. पण आठवड्याभरात त्यातली चार घरं कुलूप लावून निघून गेली होती. एका घरातल्या मुलीची परीक्षा तोंडावर होती, ती बुडाली. ब्रँडेनबर्गच्या मापानं बघितलं तर तिथे काहीच घडलं नव्हतं.

त्या दिवसापासून ‘ताबडतोब हिंसा’ ही अट मला अपुरी वाटते. हिंसा न होताही माणसं उठून जातात, मुलांना शाळेतून काढतात, आवाज खाली आणून बोलायला लागतात. हे नुकसान आहे, आणि ते मोजता येतं.

मुरवलेल्या विषाचं सर्वांत भयंकर उदाहरण रवांडाचं. तिथे आरटीएलएम हे खाजगी रेडिओ केंद्र जुलै 1993 मध्ये सुरू झालं. लोकप्रिय गाणी, गप्पा, थट्टामस्करी, लोक आवडीनं ऐकायचे. आणि त्याच गप्पांतून तिथल्या अल्पसंख्य तुत्सी समाजाच्या लोकांना ‘इन्येन्झी’, म्हणजे झुरळं, म्हटलं जायचं. 6 एप्रिल 1994 ला राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं आणि कत्तल सुरू झाली, तेव्हा तोच रेडिओ माणसांची नावं, ठिकाणं, मोटारींचे क्रमांक वाचून दाखवू लागला. साधारण 100 दिवसांत किमान पाच लाख माणसं मारली गेली. अनेक अंदाज आठ लाखांचे आहेत. ‘तिथे अकरा घरं आहेत’ हे वाक्य ऐकलं तेव्हा मला हे सगळं आठवलं होतं.

पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं या रेडिओच्या आणि ‘कांगुरा’ नावाच्या पत्राच्या लोकांवर खटला चालवला. 2003 मध्ये तिघे दोषी ठरले. 2007 मध्ये अपिलात शिक्षा कमी झाल्या आणि न्यायाधीशांनी एक बारीक फरक केला. 6 एप्रिलनंतरच्या प्रसारणात वंशसंहाराची थेट चिथावणी होती हे त्यांनी मान्य केलं. त्याआधीच्या प्रसारणात द्वेष होता, पण वंशसंहाराची थेट, जाहीर चिथावणी सिद्ध होत नाही, असं म्हटलं. वंशसंहार हा सगळ्यांत मोठा गुन्हा आहे, त्याची अट कडक असणार, म्हणून मला तो फरक मान्य आहे. पण जुलै ते एप्रिल या नऊ महिन्यांचं काय? तुमचा प्रश्न नेमका त्या नऊ महिन्यांबद्दल आहे. देशाच्या साध्या कायद्याचं काम तिथे होतं. एखाद्याला फासावर चढवायचं काम मला म्हणायचं नाही. परवाना काढून घेणं, दंड, सक्तीचं स्पष्टीकरण, अशा पायऱ्या असतात. आग लागायच्या आत त्या वापरल्या, तरच त्यांचा उपयोग.

मग पुन्हा ‘दुखावलं’वर जायचं का? नाही. 1966 च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातलं 20वं कलम राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक द्वेषाचा असा पुरस्कार कायद्यानं रोखायला सांगतं, की ज्यात भेदभाव, शत्रुत्व किंवा हिंसा यांची चिथावणी आहे. अमेरिकेनं या कलमापुरता अपवाद राखून करार स्वीकारला. हे ओळखायचं कसं, यावर 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं मोरोक्कोतल्या रबात शहरात एक आराखडा ठरला. त्यात सहा गोष्टी बघायला सांगितल्या आहेत : त्या वेळची परिस्थिती, बोलणाऱ्याचं समाजातलं वजन, हेतू, मजकूर आणि त्याची मांडणी, तो किती लोकांपर्यंत गेला आणि इजा होण्याची शक्यता किती. फौजदारी शिक्षा हा शेवटचा उपाय असावा, असंही त्यात आहे. माझी फीत त्या सहा प्रश्नांतून काढा. परिस्थिती तापलेली. बोलणारा वजनदार. मांडणीत हशा आणि मोजणी. ऐकणारे त्याच वस्तीतले. शिवी नसूनही ते भाषण अडकतं. शिक्षक सरांचा कार्यक्रम त्यातून सहज सुटतो. दोन्ही निर्णय मला न्याय्य वाटतात, म्हणून हे माप मी धरते.

प्रश्न : मी पत्रकारितेचा विद्यार्थी आहे, वय 19. द्वेष पसरवणाऱ्याची मुलाखत घेऊन त्याचे शब्द जसेच्या तसे दाखवले तर मीही गुन्हेगार का?

तुझ्या वयामुळे एकेरीत लिहिते, राग मानू नकोस. तुझा प्रश्न डेन्मार्कच्या एका दूरचित्रवाणी पत्रकाराला फार महाग पडला होता. येन्स येर्सिल्ड हे त्याचं नाव. वंशद्वेष उघड बोलून दाखवणाऱ्या तरुणांच्या एका टोळक्याची मुलाखत त्यानं 1985 मध्ये दाखवली. टोळक्याला शिक्षा झाली आणि त्यांना साथ दिली म्हणून त्यालाही दंड झाला. 1994 मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं 12 विरुद्ध 7 मतांनी त्याच्या बाजूनं निकाल दिला. तो त्या मतांचा प्रसार करत नव्हता, समाजात काय चाललंय ते दाखवत होता, हे न्यायालयानं पाहिलं. तरी सात न्यायाधीश विरोधात होते हे विसरू नकोस. मुलाखतीत तू प्रतिप्रश्न विचारलास का, मथळ्यात त्याचं वाक्य घोषणेसारखं मिरवलंस का, हे बघितलं जाणार. मी आयुष्यभर असे शब्द उतरवले, म्हणून सांगते : अवतरणचिन्हं काळजीनं घाल आणि ती कुठे बंद होतात तेही बघ.

प्रश्न : असे कायदे दुबळ्यांसाठी म्हणून होतात आणि वापरले जातात दुबळ्यांवरच. ज्याच्या हाती सत्ता, त्याच्याच भावना दुखावतात. तुम्ही हत्यार धार लावून कुणाच्या हातात देताय? (एक कार्यकर्ता)

तुमची भीती पोकळ नाही. ब्रिटनमध्ये 1965 च्या वंशसंबंध कायद्यानं वांशिक द्वेष चिथावणं गुन्हा ठरवलं. काळ्या आणि आशियाई स्थलांतरितांना संरक्षण मिळावं हा उद्देश होता. त्याखाली 1967 मध्ये तुरुंगात गेलेल्यांत मायकल एक्स हा काळा चळवळ्या होता. रवांडातही, एवढं सोसून झाल्यावर, 2008 मध्ये ‘वंशसंहाराची विचारसरणी’ रोखणारा कायदा आला. त्यातली भाषा इतकी सैल होती की सरकारच्या टीकाकारांना आणि पत्रकारांना त्याचा धाक बसला, मानवी हक्क संघटनांनी ओरड केली आणि पुढे तो कायदा बदलावा लागला.

आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची. ‘डेर श्ट्युर्मर’ हे ज्यूद्वेष्टं साप्ताहिक 1923 पासून चालवणाऱ्या ज्युलियस श्ट्रायशरवर हिटलर सत्तेवर येण्याआधी जर्मनीत खटले झाले होते, तो तुरुंगातही जाऊन आला होता. त्यानं त्याची प्रसिद्धी वाढलीच. पोलीस, न्यायालयं आणि राजकारण सगळंच पोखरलं जात असताना एकटं कलम देश वाचवू शकत नाही.

तरीही कायदा नकोच, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर येऊ शकत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेम्बर्गला नाझी पुढाऱ्यांवर खटले चालले, तिथे काय झालं ते बघा. श्ट्रायशरला 1946 मध्ये फाशी झाली. युद्धाच्या कटाच्या आरोपातून तो सुटला होता. तो अडकला ते ज्यूंना संपवा असं वर्षानुवर्षं आणि कत्तल चालू असताना लिहीत राहिला म्हणून. त्याच न्यायासनापुढे हान्स फ्रित्शे होता, प्रचार मंत्रालयातला रेडिओचा प्रमुख. त्याचीही भाषणं ज्यूद्वेषानं भरलेली होती. पण त्यात अत्याचाराची चिथावणी होती हे सिद्ध झालं नाही आणि तो निर्दोष सुटला. लाखो प्रेतांच्या सावलीत बसूनही न्यायाधीशांनी हा फरक केला. म्हणजे फरक करता येतो, आणि करायची तयारी असेल तर कायदा तेवढा नेमका लिहिताही येतो.

कॅनडात जिम कीगस्ट्रा नावाचा शाळामास्तर वर्गात मुलांना ज्यूद्वेष शिकवायचा आणि उत्तरपत्रिकेत तेच लिहिलं तर गुण द्यायचा. 1990 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्याच्यावरचं द्वेषविरोधी कलम वैध ठरवलं, तेही 4 विरुद्ध 3 अशा काठावरच्या बहुमतानं. ते कलम मला आवडतं ते त्याच्या तेव्हाच्या अटींमुळे. द्वेष जाणूनबुजून पसरवलेला असायला हवा होता. विधान खरं असेल, धर्मविषयक मत प्रामाणिकपणे मांडलेलं असेल किंवा ते जनहिताच्या चर्चेचा भाग असेल, तर बचाव मिळत होता. आणि महाधिवक्त्याच्या संमतीशिवाय खटलाच भरता येत नव्हता. कुणाही रागावलेल्या माणसानं अर्ज दिला आणि दुसऱ्या दिवशी अटक झाली, असं होत नव्हतं. तुम्ही म्हणता त्या हत्याराला ही म्यान आहे. ज्या कायद्यात ती नसेल त्याला तुमच्याबरोबर मीही विरोध करीन. सत्तेवरची, सैन्यावरची, पुढाऱ्यांवरची, धर्मातल्या विचारांवरची टीका त्या कायद्याच्या बाहेर ठेवलेली नसेल, तरीही करीन. विचारांना संरक्षण नको. संरक्षण माणसांना हवं.

प्रश्न : मोबाइलवर येणारा विखारी मजकूर कंपन्यांनीच काढून टाकावा, हे सोपं नाही का?

सोपं आहे, म्हणूनच सांभाळायला हवं. जर्मनीनं 2017 च्या कायद्यानं मोठ्या समाजमाध्यमांना उघडउघड बेकायदा मजकूर 24 तासांत काढायला लावला, नाहीतर पाच कोटी युरोपर्यंत दंड. फ्रान्सनं 2020 मध्ये तसाच कायदा केला, तेव्हा तिथल्या संविधान परिषदेनं त्यातला मुख्य भाग रद्द केला, कारण दंडाच्या भीतीनं कंपन्या कायदेशीर मजकूरही उडवतील. उलट म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्धचा द्वेष आवरायला आपण पुरेसं केलं नाही, हे फेसबुकनं 2018 मध्ये स्वतः कबूल केलं. काढलेल्या मजकुराचं कारण सांगणं, अपील आणि स्थानिक भाषा जाणणारी माणसं, या तीन गोष्टी नसतील तर यंत्र ‘आपण शांत माणसं आहोत’ला कधीच पकडणार नाही आणि त्याचा निषेध करणाऱ्याला मात्र पकडेल.

प्रश्न : मी अशाच एका समूहातली आहे, ज्याच्याबद्दल रोज काहीतरी बोललं जातं. सगळे सांगतात, ‘वाईट बोलण्याला चांगल्या बोलण्यानं उत्तर दे.’ मी दिवसभर कामाला असते. रोज उत्तर द्यायचं मीच का? आणि खरंच कधी तक्रार करायची वेळ आली तर काय सांगू?

ताई, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं.

अमेरिकेत शिकागोजवळ स्कोकी नावाचं गाव आहे. छळछावण्यांतून वाचलेले अनेक ज्यू तिथे राहत होते. 1977 मध्ये नाझी गणवेश घालून, स्वस्तिक घेऊन तिथे मोर्चा काढायचं एका गटानं ठरवलं. गावानं विरोध केला, आणि नाझींच्या बाजूनं न्यायालयात उभे राहिले डेव्हिड गोल्डबर्गर, जे स्वतः ज्यू होते. आज यांचं तोंड बंद केलं तर उद्या त्याच नियमानं आपलं होईल, ही त्यांची भूमिका. न्यायालयानं मोर्चाचा हक्क मान्य केला. प्रत्यक्षात मोर्चा स्कोकीत निघालाच नाही, 1978 मध्ये शिकागोत निघाला.

गोल्डबर्गर यांच्या धैर्यापुढे मी मान झुकवते. पण स्वातंत्र्याची किंमत त्या गावात कोण मोजत होतं, हेही बघायला हवं. वाचून आलेली म्हातारी माणसं पुन्हा दार लावून बसणार होती. ‘प्रत्युत्तर द्या’ हा सल्ला, ज्याच्यावर हल्ला नाही त्यानं ज्याच्यावर आहे त्याला देऊ नये. उत्तर देण्याचं काम आधी बाकीच्यांचं आहे : शेजाऱ्यांचं, कचेरीतल्या वरिष्ठांचं, त्या सभेला गेलेल्या आणि हसले नाहीत अशा माणसांचं. तुम्ही एक दिवस गप्प राहिलात म्हणून कुणीही तुम्हाला बोल लावू नये.

आता तक्रारीचं. हे मात्र मला नीट माहीत आहे, कारण चांगल्या तक्रारी कुठे कोसळतात ते मी पिंजऱ्याजवळ उभी राहून पाहिलंय.

‘ते आमच्याबद्दल फार घाणेरडं बोलले’ असं लिहू नका. बोलले ते शब्द जसेच्या तसे लिहा, शिवी असेल तर शिवीसकट, त्याच भाषेत आणि त्याच बोलीत. सभ्य करून लिहिलेला शब्द न्यायालयात निम्मा मरतो. आठवत नसेल तिथे ‘हा भाग आठवत नाही’ असं लिहा, जोडून घेऊ नका. तारीख, वेळ, जागा. बोलणारा कोण, लोक त्याचं का ऐकतात. समोर साधारण किती माणसं होती. ती हसली का, घोषणा दिल्या का, की खाली मान घालून बसली. कुणाचं नाव, घर, दुकान, गाडी दाखवली गेली का. ध्वनिमुद्रण असेल तर कापाकापी न करता मूळ फाइल जपून ठेवा आणि मधली शांतता उडवू नका.

आणि दुसऱ्या दिवसाची नोंद ठेवा. बहुतेक तक्रारींत तेवढीच नसते. कोण कामावर आलं नाही, कुणी मुलांना बाहेर पाठवलं नाही, कुणी दारावरची पाटी काढून आत ठेवली. त्या अकरा घरांच्या खटल्यात एका आजीनं अशी वही ठेवली होती. शाळेच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर, पेन्सिलनं. पहिल्या ओळीत तारीख आणि पुढे एवढंच : ‘आज समोरच्यांनी दिवा लावला नाही.’ ती वही मी भाषांतरित केली. सोळा पानं होती, आणि एकाही पानावर विशेषण नव्हतं.